चुंबकीय क्षेत्रात वायबीसीओचा रोध कसा मोजावा: तारा जोडण्यापासून आलेख वाचण्यापर्यंत

"सर, चुंबक लावला तरी टीसी हललाच नाही." एम.एस्सी.च्या प्रकल्पाचे दिवस आले की हे वाक्य ठरलेलं. टीसी म्हणजे क्रांतिक तापमान, ज्याच्या खाली वायबीसीओसारखा पदार्थ अतिसंवाहक होतो आणि त्याचा रोध नाहीसा होतो. आलेख हातात घेऊन पाहावं तर टीसी जेवढा हलायला हवा तेवढा हललेला असतो, फक्त विद्यार्थी भलतीकडेच बघत असतो. कधी याच्या उलट होतं: वक्र छान सरकलेला दिसतो आणि कारण निघतं तारा नमुन्याला जोडणारा, सुटत आलेला सिल्व्हर पेंट. दोन्ही चुकांचं मूळ मोजणी सुरू होण्याआधीच पडलेलं असतं. म्हणून इथे तयारीबद्दल जास्त लिहिलंय, बटणं दाबण्याबद्दल कमी.

हाताशी असलेलं सामान असं धरलंय: भट्टीत भाजलेली वायबीसीओची गोळी (इट्रियम, बेरियम, तांबं १:२:३ या प्रमाणात असलेलं ऑक्साइड), द्रव नायट्रोजन, स्थिर करंट सोर्स, १०० नॅनोव्होल्टपर्यंत भरवशाने वाचणारा मीटर, पीटी-१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारा) थर्मामीटर आणि अर्धा-एक टेस्ला देणारा इलेक्ट्रोमॅग्नेट. पातळ थर किंवा एकस्फटिक असेल तर पायऱ्या याच, आकडे वेगळे.

## १. आधी कागदावर: काय दिसायला हवं?

चांगल्या वायबीसीओचा रोध ९२ केल्विनच्या आसपास कोसळायला लागतो. या वळणाला मी खांदा म्हणतो. रोध जिथे मीटरच्या आवाक्याखाली जातो तो पायथा. चुंबकीय क्षेत्रात या दोघांचं वागणं अगदी वेगळं असतं, आणि अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो.

वायबीसीओचं वरचं क्रांतिक क्षेत्र, म्हणजे अतिसंवाहकता पूर्ण मोडायला लागणारं क्षेत्र, प्रचंड आहे. टीसीपासून खाली जाताना ते दर केल्विनला साधारण २ टेस्लाने वाढतं, तेही क्षेत्र स्फटिकाच्या सी-अक्षाला, म्हणजे तांबं-ऑक्सिजनच्या पातळ्यांना लंब असलेल्या दिशेला, समांतर असताना. तांबं-ऑक्सिजनच्या पातळ्यांना समांतर क्षेत्र लावलं तर ही वाढ त्याच्या काही पट. म्हणजे तुमच्या १ टेस्लाने खांदा सरकणार जेमतेम अर्धा केल्विन. पीटी-१०० नीट बसवलेला नसेल तर एवढा फरक त्याच्या चुकीतच विरघळून जातो.

पायथा मात्र कितीतरी जास्त घसरतो. तिथे अतिसंवाहकता मोडलेली नसते. क्षेत्र पदार्थात भोवऱ्यांच्या (भोवती प्रवाह फिरत असलेल्या क्षेत्राच्या बारीक नळ्यांच्या) रूपाने शिरतं, प्रवाह त्या भोवऱ्यांना बाजूला रेटतो आणि ते सरकले की व्होल्टेज उमटतं. थंडीत ते पदार्थातल्या दोषांना अडकून बसतात. तापमान वाढलं की उष्णतेच्या धक्क्याने उड्या मारत सुटतात. क्षेत्र वाढवत गेलं की वक्रांचा पंखा होतो: वर जवळजवळ एकत्र, खाली फाकलेला.

भाजलेल्या गोळीत आणखी एक भानगड आहे. ती कणांची बनलेली असते आणि कणांमधले दुवे इतके नाजूक असतात की १० मिलिटेस्लानेही ढेपाळतात. त्यामुळे गोळीचा वक्र अनेकदा दोन टप्प्यांत उतरतो: आधी कण, मग दुवे.

आता आकडे. गोळीतून कापलेली पट्टी ३ मिमी रुंद, १ मिमी जाड, व्होल्टेजच्या तारांमध्ये ४ मिमी. टीसीच्या थोडं वर रोधकता १ मिलिओहम-सेंमी धरली तर रोध येतो सुमारे १३ मिलिओहम. १० मिलिअँपिअरला १३० मायक्रोव्होल्ट. मीटरचा भरवसा १०० नॅनोव्होल्टपर्यंत असेल तर तुम्हाला १० मायक्रोओहमपर्यंत दिसेल, म्हणजे मूळ रोधाचा सुमारे १,३००वा भाग.

तपासा: मीटरचा शेवटचा अंक १० मायक्रोव्होल्टचा असेल तर पायथा दिसणारच नाही. करंट दसपट करून ही कसर भरून काढायला जाऊ नका; का ते तिसऱ्या पायरीत येईल.

## २. गोळी कापणं आणि जपणं

वायबीसीओचं पाण्याशी वैर आहे. दमट हवेत पृष्ठभागावर बेरियमचं हायड्रॉक्साइड आणि मग कार्बोनेट तयार होतं, आणि तेच पुढे संपर्काच्या आड येतं. पावसाळ्यात तर गोळी सिलिका जेलच्या डब्यातून कामापुरतीच बाहेर काढा. कापताना पाण्याची धार नको. कोरडं किंवा अल्कोहोल लावून कापा. मधूनच हिरवट दिसणारी गोळी पुन्हा दळून भाजायला द्या, तो रंग वेगळ्या, अतिसंवाहक नसलेल्या संयुगाचा आहे.

छोटा चुंबक गोळीवर तरंगला म्हणून खूश होऊ नका. त्यातून कण अतिसंवाहक आहेत एवढंच कळतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड वाट आहे की नाही, हे रोधच सांगतो.

## ३. चार टोकं: इथे घाई करू नका

बाहेरच्या दोन तारांतून करंट, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज, हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते हातात.

क) संपर्काच्या जागा बारीक पॉलिश पेपरने हलक्या घासा आणि लगेच सिल्व्हर पेंट लावा. घासून जेवायला गेलात तर परत आल्यावर पुन्हा घासा.

ख) करंटचा पेंट पट्टीच्या दोन्ही टोकांच्या संपूर्ण चेहऱ्यावर लावा, नुसता ठिपका नको. ठिपक्यातून शिरलेला प्रवाह पसरायला जागा घेतो, आणि व्होल्टेजच्या तारा त्या पसरण्याच्या पट्ट्यात असतील तर तुम्ही भलतंच काहीतरी मोजत असता. करंटच्या टोकापासून व्होल्टेजची तार निदान पट्टीच्या रुंदीएवढी दूर ठेवा.

ग) व्होल्टेजचा पेंट बारीक रेघेसारखा, पट्टीच्या आडवा. मी उदबत्तीची काडी तासून वापरतो. ब्रशने रेघ १ मिमी जाड होते, आणि ४ मिमी अंतरात दोन्हीकडे १ मिमी जाड रेघा म्हणजे रोधकतेच्या आकड्यात २५ टक्क्यांपर्यंत संभ्रम.

घ) तारा बारीक इनॅमलच्या तांब्याच्या, किंवा फॉस्फर ब्राँझच्या. व्होल्टेजच्या दोन तारा एकमेकींत पिळा, करंटच्या दोन वेगळ्या पिळा. नमुन्यापासून बाहेरच्या मीटरपर्यंत व्होल्टेजची तार शक्यतो अखंड हवी. मधे सोल्डरचा जोड आला आणि त्याची दोन टोकं वेगवेगळ्या तापमानाला राहिली की तो जोड स्वतःच मायक्रोव्होल्ट बनवतो.

च) नमुना तांब्याच्या ठोकळ्यावर बसवताना मधे विद्युतरोधक थर लागतो, पण तो पातळ हवा. उत्तम उपाय पानटपरीवर मिळतो: सिगारेटचा रोलिंग पेपर, वार्निशमध्ये भिजवून. टेप लावणाऱ्यांचा नमुना ठोकळ्यापेक्षा दोन-दोन केल्विन मागे राहतो, आणि वर त्यांनाच नवल वाटतं.

तपासा: करंटच्या दोन तारांमधला रोध साध्या मल्टिमीटरने बघा, मग नायट्रोजनमध्ये बुडवून पुन्हा बघा. थंडीत तो वाढत असेल तर पेंट सुटतोय. संपर्क १ ओहमचा असेल तर १० मिलिअँपिअरला ०.१ मिलिवॉट उष्णता होते, ती चालते. १०० मिलिअँपिअरला तीच शंभरपट, १० मिलिवॉट, नेमकी नमुन्याच्या टोकाशी. करंट दसपट करू नका असं वर म्हटलं ते यासाठी.

## ४. थर्मामीटर

पीटी-१०० नमुन्याच्या बरोबर खाली, त्याच ठोकळ्यात छिद्र पाडून बसवा. त्याच्या तारा बाहेर नेण्याआधी ठोकळ्याभोवती दोन-चार वेढे द्या, नाहीतर बाहेरची उष्णता तारांतून थेट थर्मामीटरच्या पोटात जाते.

वितळत्या बर्फात तो १०० ओहम दाखवेल, द्रव नायट्रोजनमध्ये २० ओहमच्या किंचित वर. ९३ केल्विनला सुमारे २७ ओहम. या भागात एका केल्विनला ०.४३ ओहम बदल होतो, हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पीटी-१०० सुद्धा चार तारांनीच जोडा. दोन तारांनी जोडला तर त्या तारांचा अर्धा ओहमसुद्धा एका केल्विनहून मोठी चूक करतो.

एक बारीक गोष्ट. नायट्रोजन ७७.४ केल्विनला उकळतो तो समुद्रसपाटीवर. पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी असल्यामुळे उत्कलनबिंदू ७६.८ च्या आसपास येतो. मुंबईच्या प्रयोगशाळेतला आकडा पुण्यात चिकटवला की अर्ध्या केल्विनची चूक पदरात पडते, जेवढा खांदा १ टेस्लाने सरकतो तेवढीच. शिवाय उघड्या भांड्यात तासन् तास ठेवलेल्या नायट्रोजनमध्ये हवेतला ऑक्सिजन विरघळतो आणि तापमान हळूहळू वर चढतं. तपासणीसाठी ताजा नायट्रोजन घ्या.

## ५. नायट्रोजन ओतण्याआधी

गावाकडे जनावरांच्या गोठवलेल्या रेतमात्रा ज्या कंटेनरमध्ये नेतात, त्यातला द्रव तोच हा. तिथले लोक तो रोज हाताळतात म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

सावधान: एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. घट्ट झाकण कधीच लावायचं नाही. खिडक्या उघड्या. ड्यूअरबरोबर (द्रव नायट्रोजनच्या थर्मासबरोबर) लिफ्टमध्ये शिरू नका; ड्यूअर एकटा वर पाठवा, तुम्ही जिन्याने या. चप्पल घालून ओतू नका आणि सुती हातमोजे घालू नका, ते द्रव शोषून हाताला चिकटतात. ऑक्सिजन ९० केल्विनला द्रव होतो, म्हणून नायट्रोजनने गार केलेल्या उघड्या नळीवरून निळसर थेंब गळताना दिसले तर जवळ तेल, कापूस, ठिणगी काही नको.

## ६. क्षेत्राशिवाय पहिली फेरी

चुंबकाला हात लावण्याआधी नुसता रोध आणि तापमान. हा वक्र नीट आला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

ठोकळा नायट्रोजनच्या वाफेत हळूहळू खाली सोडा, ११० ते ८० केल्विनमध्ये मिनिटाला अर्ध्या केल्विनहून जास्त वेग नको. प्रत्येक तापमानाला करंट एकदा सुलट, एकदा उलट द्या. दोन व्होल्टेजची वजाबाकी करून निम्मी केली की तारांमधलं औष्णिक व्होल्टेज निघून जातं. तापमान सरकत असेल तर सुलट-उलट-सुलट असे तीन वाचन घ्या आणि पहिल्या-तिसऱ्याच्या सरासरीतून मधलं वजा करून निम्मं करा.

उलटसुलट न करता घेतलेला वक्र लगेच ओळखू येतो: पायथ्याशी व्होल्टेज शून्यावर न येता उणे ३ किंवा अधिक ५ मायक्रोव्होल्टवर जाऊन आडवा होतो. मग पोरं तो आकडा सगळ्या वाचनांतून वजा करून टाकतात. तसं करू नका. ते औष्णिक व्होल्टेज तापमानाबरोबर बदलतं, एक आकडा वजा करून ते जात नाही.

तपासा, तीन गोष्टी:
- टीसीच्या वर रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत उतरतोय का? थंड करताना वाढत असेल तर नमुन्यात ऑक्सिजन कमी आहे किंवा दुवे खराब आहेत. तो परत भट्टीत, ऑक्सिजनच्या प्रवाहात ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला, आणि हळूहळू गार.
- थंड करतानाचा आणि गरम करतानाचा वक्र जुळतो का? क्षेत्र नसताना दोघांत अंतर दिसलं तर ती थर्मामीटरची ढिलाई आहे. वेग निम्मा करा.
- ५ आणि १० मिलिअँपिअरला रोध सारखाच येतो का? पायथ्याशी वेगळा येत असेल तर करंट जास्त होतोय.

आणि वहीत "रोध शून्य" लिहू नका. "१० मायक्रोओहमपेक्षा कमी" लिहा. तुम्ही मोजलंय ते तेवढंच.

## ७. चुंबक बसवणं

नमुना ध्रुवांच्या मधोमध, आणि क्षेत्र प्रवाहाला लंब. लंब असताना भोवऱ्यांवर रेटा सर्वांत जास्त येतो. गोळीत क्षेत्र प्रवाहाला समांतर केलं तरी रोध जात नाही, कारण आत प्रवाह कणाकणांतून नागमोडी जातो. पण दोन्ही दिशांची तुलना एकदा करून पाहण्यासारखी असते.

क्षेत्र हॉल प्रोबने (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या कांडीने) नमुन्याच्या जागी मोजा. चुंबकाच्या डायलवरचा करंट बघून तक्त्यातून क्षेत्र लिहायचं नाही. लोखंडी गाभ्यात करंट बंद केल्यावरही काही मिलिटेस्ला उरतात, आणि गोळीच्या दुव्यांना तेवढे पुरतात. "शून्य क्षेत्र" म्हणायचं असेल तर करंटची दिशा बदलत, प्रत्येक वेळी कमी करत शून्यावर या आणि हॉल प्रोब पुन्हा बघा.

इलेक्ट्रोमॅग्नेट नसेल तर निओडिमियमचे चुंबक चालतात, पण नायट्रोजनच्या बाहेर. सुमारे १३५ केल्विनच्या खाली त्यातली चुंबकनाची सोपी दिशा कलते आणि क्षेत्र कमी होतं. खोलीत मोजलेला आकडा बुडवलेल्या चुंबकाला लागू पडत नाही.

सावधान: क्षेत्र बदलत असताना वाचन घेऊ नका. व्होल्टेजच्या तारांनी १ चौरस सेंमीचा फेरा केला असेल आणि क्षेत्र सेकंदाला १० मिलिटेस्ला बदलत असेल तर १ मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतो. तो १० मिलिअँपिअरला १०० मायक्रोओहम दिसेल, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या दहापट. तारा पिळायला सांगितल्या त्या याचसाठी, आणि सैल तार क्षेत्रात थरथरली तरी हेच होतं.

## ८. क्षेत्राचा क्रम

बहुतेक प्रकल्प इथे बुडतात. एका वर्षी माझ्याच देखरेखीखाली एका जोडीने ७७ केल्विनवर क्षेत्र ० ते २०० मिलिटेस्ला वाढवलं, परत आणलं, आणि त्याच थंडाव्यात पुढच्या तापमानाचे वक्र घ्यायला सुरुवात केली. उतरताना त्याच क्षेत्राला रोध कमी, आणि क्षेत्र शून्यावर आणल्यावर रोध शून्य नाही! त्यांनी मीटर बिघडला म्हणून तो बदलला. मीही दोन तास मीटरच तपासत बसलो, हे कबूल करतो.

मीटर ठीक होता. वर जाताना क्षेत्र कणांत शिरलं आणि तिथेच अडकलं. उतरताना कणांत अडकलेल्या क्षेत्राच्या रेषा दुव्यांतून उलट दिशेने परत फिरतात आणि बाहेरच्या क्षेत्राला काही अंशी खोडतात, म्हणून दुव्यांना लागणारं क्षेत्र कमी आणि रोधही कमी. बाहेरचं क्षेत्र शून्य झालं की फक्त त्या परतीच्या रेषा उरतात, आणि रोध शिल्लक राहतो. नमुन्याला मागचं सगळं आठवत असतं.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. नमुना १०० केल्विनच्या वर न्या. आठवण पुसली जाते.
२. तिथेच क्षेत्र लावा, स्थिर होऊ द्या, हॉल प्रोबने नोंदवा.
३. क्षेत्र तसंच ठेवून थंड करा आणि गरम करताना वक्र घ्या.
४. पुन्हा १०० केल्विनच्या वर. मगच पुढचं क्षेत्र.

क्षेत्राशिवाय थंड करून मग क्षेत्र लावण्याची पद्धतही रास्त आहे, पण तिचे वक्र वेगळ्या पानावर ठेवा. दोन्ही पद्धतींचे वक्र एका आलेखात मिसळले की कुणालाच काही कळत नाही.

क्षेत्रं निवडताना ०, १००, २००, ३०० अशी सरधोपट शिडी नको. गोळीत नाट्य सुरुवातीलाच घडतं. ०, ५, १०, २०, ५०, १००, ५०० मिलिटेस्ला घ्या. आणि ५० मिलिटेस्लाच्या पुढे पायथा ७७ केल्विनच्या खाली गेला तर दचकू नका. पंपाने नायट्रोजनवरचा दाब कमी करून ६५ केल्विनपर्यंत उतरता येतं. ६३ ला तो गोठतो.

## ९. आलेख वाचणं

सगळे वक्र टीसीच्या जरा वरच्या रोधाने भागून एकावर एक टाका. मग ९० टक्के, ५० टक्के, १० टक्के आणि मीटरची मर्यादा, अशा चार ठिकाणी तापमान वाचा. "टीसी" असा एकच आकडा देणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो: कुठल्या टक्क्याचा?

१० टक्क्यांच्या किंवा पायथ्याच्या तापमानावरून वरचं क्रांतिक क्षेत्र काढू नका. पायथा भोवऱ्यांच्या सुटण्याबद्दल आणि दुव्यांबद्दल सांगतो. ९० टक्क्यांचा बिंदू जरा बरा, पण १ टेस्लापर्यंतच्या मोजणीतून शेकडो टेस्लांचा आकडा काढणं म्हणजे शिवाजीनगरच्या भाड्यावरून दिल्लीचं भाडं सांगणं.

पायथ्याच्या भागासाठी रोधाचा नैसर्गिक लॉगरिदम उभ्या अक्षावर आणि तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर घ्या. भोवरे उष्णतेने उड्या मारत असतील तर सरळ रेषा येते आणि तिच्या उतारावरून अडथळ्याची उंची निघते. क्षेत्र वाढलं की उतार कमी व्हायला हवा. तीन सावधगिऱ्या: रेषा निदान रोधाच्या शंभरपट बदलावर बसवा; मीटरच्या मर्यादेशी रेषा आडवी होते तो भाग टाकून द्या, तो मीटरचा स्वतःचा गोंगाट (नॉइज) आहे; आणि गोळीत निघालेल्या उताराला "वायबीसीओचा" म्हणू नका, त्यात दुव्यांचा वाटा मोठा असतो.

वक्रात मधे पायरी दिसली तर ती गुळगुळीत करून लपवू नका. पायरीच्या वरचा भाग कणांचा, खालचा दुव्यांचा. ५ मिलिटेस्लाने खालचा भाग सरकला आणि वरचा जागचा हलला नाही, तर तुमची मोजणी चांगली झाली आहे.

## १०. नमुना बाहेर काढताना

थंड नमुना थेट हवेत आणला की त्यावर दव धरतं, आणि दुसऱ्या दिवशी संपर्क बिघडलेले असतात. ठोकळा कोरड्या नायट्रोजन वायूच्या पिशवीत खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अर्धा तास तरी. मग करंटच्या तारांमधला रोध पुन्हा मोजा आणि तिसऱ्या पायरीतल्या आकड्याशेजारी लिहा.

त्यानंतर क्षेत्राशिवायची एक फेरी पुन्हा. कंटाळा येतो, नायट्रोजनही संपत आलेला असतो, पण हा वक्र पहिल्या फेरीच्या वक्रावर बसला तरच मधले सगळे वक्र धरायचे. नाही बसला तर आधी चुंबकातलं उरलेलं क्षेत्र बघा, मग पेंट.